बॅगवाल्यांचं विमान आणि हरबाचं लग्न

कुसळगावात हरबा नावाचा एक भोळा माणूस राहात होता. भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात. पण बाकीचे भोळे सांगितलेलं विसरतात, आणि गावाचं काम चालून जातं. हरबा काही विसरत नसे. जो जे सांगेल ते तो गाठीला बांधून ठेवी आणि पुढच्या खेपेला बरोबर वापरी. फक्त पुढची खेप वेगळी असे.

आईनं "दुधावर लक्ष ठेव" म्हटलं, की तो चुलीपुढं बसून दूध उतू जाताना नीट पाही आणि कुठल्या बाजूनं गेलं तेही सांगे. आई म्हणे, "देवानं तुला कान दिले, त्येच्या पुढं काय द्यायला इसरला."

या कुसळगावच्या माळावर विमानतळ झाला. माळ बराचसा हरबाच्या बापाचा. जमीन घेताना शब्द दिला होता, की घरटी एकाला विमानतळावर नोकरी देऊ. हरबाच्या घरात माणसं दोनच, आई आणि हरबा. आईला विमानाचा आवाज सोसत नव्हता. म्हणून नोकरी हरबाला लागली. चंडोल नावाच्या विमान कंपनीत. विमान आलं की शिडी ढकलत न्यायची, दाराला लावायची, माणसं चढली-उतरली की परत आणायची. गाव त्याला शिडीवाला म्हणू लागलं.

विमान एकच होतं. सकाळी मुंबईला जाई, संध्याकाळी परत येई. त्यात बसायला जिल्ह्याच्या शहरातून साहेब, वकील आणि कारखानदार येत. प्रत्येकाच्या हातात काळी चपटी बॅग. मुंबईला जायचं, मीटिंग करायची, तिथलं जेवायचं आणि परत यायचं. मीटिंगमध्ये काय ठरे? पुढची मीटिंग कधी ते ठरे. गावानं या विमानाचं नाव ठेवलं होतं, बॅगवाल्यांचं विमान.

नोकरी लागल्यावर हरबाला मुलगी सांगून आली. शेजारच्या वाडीचे कोंडाजी आबा, त्यांची तारा. हरबानं तिला एकदाच पाहिलं आणि त्याला ती फार आवडली. इतकी, की घरी येताना तो आपलं घर ओलांडून पुढच्या गावापर्यंत चालत गेला. तारालाही हा सरळ माणूस बरा वाटला. कोंडाजी आबांचं मात्र माणसापेक्षा नोकरीकडं लक्ष होतं. ते म्हणाले, "पोरगी देतो. पर अक्षता पडेस्तोवर नोकरी टिकली पायजे. आदल्या दिशी गेली, तरी मांडवातनं पोरगी माघारी नेईन."

हरबानं हेही गाठीला बांधलं.

पुढं दिवाळी आली. हरबा सकाळी शिडी घेऊन धावपट्टीच्या कडेला उभा राहिला. ऊन वर आलं. विमान काही आलं नाही. तो कंपनीच्या तिथल्या साहेबांकडं गेला. साहेबांचं नाव नेर्लेकर. माणूस चांगला, पण त्याला समजावून सांगायची हौस होती. अशा माणसाची हरबाशी गाठ पडू नये.

"साहेब, विमान कुठं गेलं?"

"रद्द केलं. दिवाळी आहे ना."

"विमानालाबी सुट्टी?"

"विमानाला नाही रे, बॅगवाल्यांना. हे बघ. बॅगवाला रात्री ठरवतो आणि सकाळी निघतो. तिकीट कितीला पडलं हे त्याला ठाऊकही नसतं. ते त्याचं ऑफिस भरतं. त्याच्यावर आपलं पोट. आता सुट्टीत ऑफिस बंद, मग मीटिंग बंद, मग बॅगवाला घरी. विमान उडवायचं कुणासाठी?"

"मग ते उभं हाय व्हय कुठं?"

"छे. उभं विमान म्हणजे बसून खाणारा जावई. ते गोव्याला लावलं. बॅगवाले आता बायकापोरं घेऊन तिकडे चाललेत. तिकीट स्वतःच्या खिशातलं, म्हणून पावसाळ्यातच काढून ठेवलेलं."

"म्हंजी तीच माणसं, तेच विमान?"

"तीच माणसं, तेच विमान. फक्त बॅग बदलते. एवढं ध्यानात ठेव हरबा, ज्याला गिऱ्हाईक नाही ते बंद ठेवायचं."

हरबा म्हणाला, "ठेवलं ध्यानात."

दोन दिवसांनी कंपनीच्या मालकांचे व्याही देवीच्या दर्शनाला यायचे होते. गिऱ्हाइकासाठी विमान नसलं तरी व्याह्यांसाठी असतं. विमान उतरायच्या वेळी धावपट्टीजवळ आगीचा बंब उभा ठेवावा लागतो, असा नियम आहे. बंबाची माणसं सकाळपासून टाकी भरून, टोप्या घालून बसली होती. हरबा तिथं गेला.

"आग लागलीय का?"

"नाही."

"लागणार हाय, आसं कुणी कळवलंय?"

"कोण कळवणार?"

"मग गिऱ्हाईक न्हाई. बंद ठेवा. साहेबांनी सांगितलंय. जावा घरी, फराळ करा."

साहेबांचा हुकूम, आणि वर फराळ. बंबवाले किल्ली काढून घेऊन गेले. व्याह्यांचं विमान आलं. खाली बंब दिसेना. बंबाशिवाय उतरता येईना. विमानानं माळावर पुष्कळ घिरट्या घातल्या. व्याह्यांनी देवीला वरूनच हात जोडले आणि ते आल्या वाटेनं परत गेले.

नेर्लेकर साहेबांना मुंबईहून जे फोन आले, ते त्यांनी उभ्यानं घेतले. मग हरबाला बोलावलं. त्याला काढून टाकावं असं त्यांच्या फार मनात होतं. पण काढायचा अधिकार मुंबईला, आणि मुंबईला कळवलं तर आधी विचारणार, तुम्ही काय करत होता? म्हणून साहेब गप्प बसले. कितीतरी नोकऱ्या अशाच टिकतात.

"गाढवा, आग नसली तरी बंब लागतो. वेळ काय सांगून येते? अशी वस्तू लागो न लागो, आधीपासून हजर ठेवायची."

"लागो न लागो, हजर ठेवायची," हरबा म्हणाला. "चुकलं साहेब. आता न्हाई चुकायचं."

थंडी पडली. कोंडाजी आबांना खोकला झाला. अंगात थोडी कणकण होती, म्हणून ते ओसरीवर घोंगडी पांघरून बसले होते. आई म्हणाली, "हरबा, व्हणारे सासरे हायेत. इचारपूस करून ये. रिकाम्या हातानं जाऊ नगंस."

हरबा रिकाम्या हातानं गेला नाही. तो बैलगाडी घेऊन गेला. गाडीत हिरव्या कळकाचे दोन बांबू होते, सुंभ होतं, गोवऱ्या होत्या आणि वर एक कोरं मडकं होतं. त्यानं सगळं ओसरीपुढं नीट उतरवलं.

आबा खोकायचे थांबले. "ह्ये काय हाय?"

"तुमच्यासाठी आणलंय."

"माझ्यासाठी?"

"आत्ता लागंल आसं न्हाई आबा. पर वेळ काय सांगून येती? लागो न लागो, हजर आसलेलं बरं. मडकं मी वाजवून घेतलंय. गळकं न्हाई."

आबा घोंगडी टाकून उठले. आजारी माणूस इतक्या चपळाईनं उठलेला वाडीनं पाहिला नव्हता. कळक उचलून त्यांनी हरबाला गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवलं. त्या दिवशी त्यांचा खोकला गेला तो गेलाच, पण त्याचं श्रेय हरबाला कुणी दिलं नाही.

लग्न तिथंच मोडायचं. पण तारा बापाला म्हणाली, "दादा, त्येंच्या मनात पाप न्हाई. दुसरा आसता तर मनात आणलं आसतं अन् हातात नारळ घिऊन आला आसता." आबांनी हातातला कळक खाली ठेवला. लग्न वाचलं.

घरी आईनं डोक्याला हात लावला. "आरं, आजारी माणसाकडं हसत जावं. कपाळावर हात ठिवावा. म्हणावं, काय बी झालेलं न्हाई, उगं भ्या घिऊ नगा, समदं बरं व्हईल. यवढं म्हटलं की माणसाला धीर येतो."

"हसायचं, कपाळावर हात ठिवायचा, धीर द्यायचा," हरबा म्हणाला. "ठेवलं ध्यानात."

मग एका सकाळी विमान थोडं उशिरा सुटायचं होतं. कारण साधं होतं. आतली सतरंजी धुतली होती, ती वाळत होती. बॅगवाले शिडीजवळ रांगेत उभे होते. कुणी घड्याळाकडं पाही, कुणी आभाळाकडं. त्यांचे चेहरे सुकलेले. हरबाला त्यांची दया आली. तो हसत हसत पहिल्या वकिलाजवळ गेला आणि त्यानं त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"काय बी झालेलं न्हाई," तो म्हणाला. "उगं भ्या घिऊ नगा."

वकील दचकले. "कशाला काही झालं नाही?"

"कशालाच न्हाई. समदं बरं व्हईल." तो पुढच्या कारखानदाराकडं गेला. "तुमी बी भ्या घिऊ नगा. घरी पोरंबाळं हायेत ना? बरं व्हईल."

रांग कुजबुजायला लागली. विमानाच्या माणसानं हसत धीर दिला की शहाणा प्रवासी काय समजतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. हरबा शेवटच्या माणसाच्या कपाळापर्यंत पोचायच्या आत पुढची माणसं गाड्यांत बसून निघून गेली होती. शेवटच्या साहेबांनी पळता पळता आपली बॅगही टाकली. विमान रिकामं मुंबईला गेलं, आणि सतरंजी छान वाळली होती.

नेर्लेकर साहेबांनी हरबाला समोर बसवलं. आवाज न चढवता बोलले. फार संतापलेली माणसं तशी बोलतात.

"तू आपल्या मनानं एक शब्द बोलायचा नाहीस. कुणी विचारलं, का नाही, अजून का नाही, तर एवढंच म्हणायचं. तांत्रिक कारण आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. म्हण."

हरबानं म्हटलं.

"पण साहेब, कारण म्हंजी कंचं?"

"ते मलाही माहीत नसतं. ते मुंबईहून येतं. तू फक्त म्हणायचं."

माघात सुपारी फोडायची बैठक ठरली. आबांच्या दारात दोन्हीकडची जाणती माणसं सतरंजीवर बसली. चहा झाला, पानं झाली. आतल्या दारात बायका दाटीनं उभ्या होत्या. आबांचे थोरले मेव्हणे खोदून विचारणारे होते. त्यांनी हरबाकडं पाहिलं. अंगानं धडधाकट, घरचं बरं, वयानं मात्र जरा पुढं गेलेला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "राग मानू नगा. पर आजवर लगीन का न्हाई केलं?"

हरबा ताठ बसला.

"तांत्रिक कारण आहे," तो म्हणाला. "होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

कुणाचा तरी अडकित्ता अर्ध्या सुपारीत थांबला. दारातली एक म्हातारी तोंडात पदर कोंबून आत पळाली आणि तिच्यामागं सगळ्याच पळाल्या.

"कसलं तांत्रिक?" मेव्हण्यांनी हळू आवाजात विचारलं.

"त्ये मलाबी ठावं नसतं. त्ये मुंबईहून येतं."

कोंडाजी आबांच्या मिशा थरथरायला लागल्या. ते उठणार, तेवढ्यात हरबाची आई लाजबीज बाजूला ठेवून बैठकीत येऊन उभी राहिली. म्हणाली, "ह्येला बोलायची अक्कल न्हाई. बाकी समदं जागच्या जागी हाय. म्या आई हाय, मला ठावं. ह्यो तिथलं इमानाचं बोलणं बोलतोय." तारा दारापर्यंत आली होती. ती हसू दाबत होती आणि तिचे डोळे पाणावले होते. आबांनी लेकीकडं पाहिलं आणि परत बसले. सुपारी फुटली. लग्न मे महिन्यात, सुट्टीत ठरलं. निरोप देताना आबांनी हरबाचा कान धरला.

"आसलं गोलमाल बोलणं माझ्याकडं चालायचं न्हाई. इचारलं तर खरं काय त्ये सांगायचं. चार माणसांत, मोठ्यानं. खऱ्याला भ्या कसलं? अन् नोकरीचं ध्यानात हाय ना?"

"हाय. अक्षता पडेस्तोवर."

आता आबांना काय ठाऊक, की विमान कंपनीला खरं बोलणारा माणूस परवडत नाही.

पाडवा आला. त्याला लागून रविवार. लागून सुट्ट्या आल्या की बॅगवाले पातळ होतात. संध्याकाळच्या विमानाला मुंबईहून मोजकी माणसं होती, आणि सकाळच्या विमानाला इथून मोजकी माणसं. कंपनीनं त्या दिवशीच्या दोन्ही खेपा रद्द केल्या. आलेली माणसं खिडकीशी जमली. कारकुनानं भोंग्यावरून सांगितलं, "तांत्रिक कारणामुळे विमान रद्द झालं आहे." माणसं कुरकुरली, पण तांत्रिक म्हटल्यावर जरा दबली. यंत्राशी कोण भांडणार?

एका बाईंनी हरबाला विचारलं. त्या शहरातल्या मोठ्या डॉक्टर होत्या. "काय हो, नेमकं काय झालंय?"

विचारलं तर खरं सांगायचं. चार माणसांत, मोठ्यानं. हरबानं कारकुनाच्या हातातून भोंगा घेतला.

"खरं सांगतो. इमानाला काय बी झालेलं न्हाई. झ्याक हाय. तुमीच कमी हाय. यवढ्याशा माणसांसाठी तेल जाळायला कंपनी येडी न्हाई. इमान गोव्याला गेलंय. तिथं भरतं."

मग जो गोंधळ झाला तो मी सांगत बसत नाही. खिडकीची काच गेली. नेर्लेकर साहेबांच्या टेबलावर तिघं वकील एकदम चढले. डॉक्टरबाईंनी मात्र हरबाशी हात मिळवला आणि म्हणाल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी कारण सांगितलं. मला विचाराल तर हरबाच्या सगळ्या नोकरीत हेच एक काम नीट झालं, आणि त्यासाठीच त्याची नोकरी जायची वेळ आली.

संध्याकाळी फुटक्या खिडकीशी नेर्लेकर साहेब नुसते बसून राहिले होते. हरबा समोर हात जोडून उभा होता. रडवेला झाला होता.

"साहेब, लगीन हाय माझं. तेवढं हुईस्तोवर काढू नगा. त्या पोरीपायी मी काय बी करीन."

साहेबांना दया आली. आणि दया आली की त्यांना समजावून सांगायची उबळ येई. इतकं होऊनही आलीच.

"बस इकडे. तू असं सांगितलंस, जणू आम्ही माणसं वाऱ्यावर सोडतो. तसं नसतं. आजचं विमान अर्धं रिकामं. उद्याचंही अर्धं रिकामं. दोन्ही उडवली तर दोन्ही तोट्यात. मग काय करायचं? एक रद्द करायचं. त्यातली सगळी माणसं दुसऱ्यात नेऊन बसवायची. जिथं जागा रिकामी दिसेल तिथं बसवायचं. माणूस पोचल्याशी मतलब. कुठल्या विमानातून पोचला, याला महत्त्व नाही. पहिल्यांदा कुरकुरतात, मग बसतात. यालाच धंदा म्हणतात."

"दोन्ही अर्धी रिकामी आसली, तर एक रद्द करायचं," हरबा म्हणाला. "समदी दुसऱ्यात बसवायची."

"शाबास. आणि लग्न होईपर्यंत माझ्यासमोर येऊ नकोस."

लग्नाला हरबानं मनापासून बोलावणी केली. आईकडचे नातेवाईक थोडे, आणि बापाकडचे जमिनीच्या वाटणीत दुरावलेले. त्याची खरी ओळख बॅगवाल्यांशीच. रोज शिडीवर चढताना प्रत्येकाला तो सांगे, "साहेब, एक मेच्या दुसऱ्या दिशी लगीन हाय. यायचं." आणि प्रत्येक जण म्हणे, "अरे वा. नक्की. नक्की येणार." हरबानं त्या सगळ्यांच्या खुर्च्या सांगितल्या. आई म्हणाली, "एवढी मोठी माणसं येतील का रं?" हरबा म्हणाला, "नक्की म्हणालेत आये. दोन-दोन डाव म्हणालेत."

त्या वर्षी एक मे शुक्रवारी आली. पुढं शनिवार, रविवार. मुहूर्त शनिवारचा. बॅगवाल्यांचं विमान तीन दिवस बंद. बॅगवाले कुठं गेले होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. हरबालाही ठाऊक होतं. पण ते विमानाबद्दल सांगितलेलं होतं, लग्नाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

शाळेच्या पटांगणात मांडव पडला होता. सुट्टीमुळं पटांगण मोकळं, म्हणून त्या दिवशी तिथं दोन मांडव होते, शेजारी शेजारी. मुहूर्तही एकच. हरबाच्या मांडवात नवरीकडची बाजू गच्च भरलेली. कोंडाजी आबांनी सगळी वाडी आणली होती. नवरदेवाकडची बाजू पार रिकामी. रांगेनं मांडलेल्या खुर्च्या, आणि त्यांवर कुणीच नाही; आईकडचे चार नातेवाईक शाळेमागं स्वयंपाकात गुंतलेले. आबा मिशीवर ताव देत त्या खुर्च्यांकडं पाहात होते. हरबा मुंडावळ्या बांधून फाटकाशी उभा होता. रस्त्यावर धूळ उडाली की त्याला वाटे, आले. मग ट्रॅक्टर जाई. मला त्याचं फार वाईट वाटतं. माणसानं बोलावलं आणि कुणी आलं नाही, यात हसण्यासारखं काही नाही.

शेजारच्या मांडवात वेगळीच गत झाली होती. तिथं नवरदेवाकडची बाजू गावानं भरलेली आणि नवरीकडची रिकामी. नवरीनं पहाटे निरोप धाडला होता, की मला हे लग्न करायचं नाही. शहाणी होती. आठ दिवस आधी सांगितलं असतं तर जास्त शहाणी म्हटलं असतं. नवरदेव पाटावर खाली मान घालून बसला होता. त्याच्या समोरचा पाट रिकामा होता.

हरबानं इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं. अर्धं इकडं रिकामं, अर्धं तिकडं रिकामं. त्याचा चेहरा उजळला.

तो मुंडावळ्यांसकट शेजारच्या मांडवात गेला आणि नवरदेवाच्या बापाला म्हणाला, "तुमची नवरीकडची बाजू येणार हाय का?"

"न्हाई," बाप रडकुंडीला येऊन म्हणाला.

"आमची आलीया. भरलेली हाय. आमची नवरदेवाकडची न्हाई."

"बरं मग?"

"मग एक रद्द करायचं."

बापाला काही उमजायच्या आतच हरबा परत आला आणि आबांच्या वाडीला उठवू लागला. "चला, शेजारच्या मांडवात चला. तिथं जागा हाय. सावकाश, सामान संगं घ्या." वाडीला वाटलं, मांडवच बदलला. वाडी उठली. आबांनी हरबाला अडवलं. हरबानं त्यांना तिकडचा नवरदेव दाखवला.

"कोण त्यो?" आबांनी विचारलं.

"सुधाकर म्हणून हाय, आमच्याच गावचा. तुमच्या मेव्हण्यांच्या सोयरिकीतला. तलाठी कचेरीत कारकून."

"नोकरी कच्ची का पक्की?"

"पक्की."

हरबाच्या एवढ्या चुकांत आबांना राग न आलेली ही पहिलीच. ते शेजारच्या मांडवात जाऊन पुढच्या रांगेत बसले.

उरली तारा. शालू नेसून, हातात हार धरून ती उभी होती. तिला सगळं समजलं होतं. तिनं वाडीसमोर नवरदेवाशी बोलायचं नसतं, पण ती बोलली.

"अवो, मी तुमाला नगं हाय का?"

"तू मला लई हवी हाईस," हरबा म्हणाला. ते खरं होतं. "पर दोन्ही अर्धी रिकामी हायेत गं. दोन्ही तोट्यात जातील. तुजं लगीन झाल्याशी मतलब. कुठल्या मांडवात झालं, याला म्हत्त्व न्हाई. पयल्यांदा कुरकुर वाटती, मग बसतं माणूस."

"अन् तुमी कुठं बसणार?"

"मी कसा बसणार? तिथं त्येंचा नवरदेव हाय ना."

त्यानं आणखी एखादा शब्द बोलावा म्हणून तारा थांबली. त्यानं कळक आणले तेव्हा ती याच माणसासाठी बापाशी भांडली होती. तिकडून भटजींनी हाक मारली, मुहूर्त टळतोय. हरबा म्हणाला, "जा, जागा जाईल." तिनं डोळे पुसले आणि ती गेली. सुधाकरनं मान वर करून पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. निदान त्याला उठायचं कळलं.

हरबाची आई एवढा वेळ शाळेच्या मागं बुंदीच्या कढईपाशी होती. मंगलाष्टकं ऐकू आली तशी ती हात पुसत धावत आली. पाहते तो मांडव मोकळा. माणूस नाही काणूस नाही. हरबा एकटा खुर्च्या एकात एक घालून रचत होता. कपाळावर मुंडावळ्या तशाच.

"आरं, माणसं कुठं गेली?"

"शेजारी बसवली, आये. आपलं अर्धं रिकामं, त्येंचंबी अर्धं रिकामं. एक रद्द केलं. आता बघ, तिथं एकबी जागा मोकळी न्हाई."

"अन् तारा?"

"तिला पयल्या पाटावर जागा मिळाली. अगदी म्होरं."

शेजारी शेवटचं मंगलाष्टक संपलं. ताशा वाजला. अक्षता इतक्या उधळल्या गेल्या, की चार दाणे कनातीवरून हरबाच्या डोक्यावर येऊन पडले.

"मुडद्या, आरं तुजं लगीन हुतं ते. रद्द करायला तुला तुजंच गावलं?"

हरबानं हातातली खुर्ची खाली ठेवली आणि आईला समजावून सांगितलं.

"आये, दुसऱ्याचं रद्द करायचा मला काय अधिकार?"